सुरगाठ, निरगाठ

जादू ही कला आहे असे मानणाऱ्यांशी माझा वाद नाही. मी त्या विषयावर त्यांच्याशी बोलतच नाही. माझा नातू अलीकडे मोबाइलवर कोणा तरुणाचे धडे पाहतो. तो तरुण नाणे मुठीत धरतो, भुवया उंचावतो, मूठ उघडतो, आणि नाणे नसते. ते अंगठ्याच्या मुळाशी, मांसल भागात चिमटलेले असते, हे मी नातवाला पहिल्याच दिवशी सांगितले, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी आयुष्यभर गणित शिकवले. माझ्या वर्गात नुसत्या उत्तराला किंमत नसे. उत्तर कसे आले ते पायरीपायरीने मांडावे लागे. जादूगाराचा धर्म याच्या नेमका उलटा. पायऱ्या लपवायच्या, उत्तर फडकवायचे आणि वर टाळ्या मागायच्या. असा विद्यार्थी मी एका कोपऱ्यात उभा केला असता. तरीही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे की वयाच्या चौदाव्या वर्षी, जवळजवळ वर्षभर, मी स्वतः याच भिकार उद्योगात बुडाले होते. त्या वर्षाची हकीकत सांगायची तर आमच्या अंगणापासून सुरुवात करणे सोयीचे होईल, कारण त्यातले मुख्य ते त्या अंगणातच घडले.

मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी, मासेमार ढिवरांच्या वस्तीत आमचे घर होते. वडिलांना आम्ही बा म्हणत असू. नदीत पाणी असेपर्यंत बा नदीवर आणि ते ओसरले की गावच्या तलावावर जाई. अंगणात दोन बांबूंवर जाळे सदैव पसरलेले. त्याच्या काठाला ओवलेले शिशाचे मणी वाऱ्याने एकमेकांवर आपटत, आणि तो बारीक टकटकाट इतका नित्याचा होता, की एखाद्या दिवशी जाळे उतरवलेले असले तर मला अभ्यास सुचत नसे. छपरावर झिंगे वाळत पडलेले. ते राखायला एक म्हातारे मांजर नेमले होते, आणि चोरही तेच होते. सकाळी रात्रीच्या भातात पाणी, मीठ आणि कांदा. दुपारी लाखोळीची डाळ. संध्याकाळी वांगी आणि झिंगे. ज्या दिवशी बा मरळ घेऊन येई त्या दिवशी माय चिंचेचा आंबट रस्सा करी, आणि तो खाताना कोणी बोललेले तिला खपत नसे. "जेव्हा तोंड एक तेव्हा काम एक," ती म्हणे. माझ्या पुढच्या आयुष्यातल्या शिस्तीचे मूळ शाळेत नसून त्या रश्श्यात असावे.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई, गिरजा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि तिच्या हाती बांबूची सुई आली. ती जाळी विणी, आणि तिच्यासारखे जाळे नदीच्या दोन्ही काठांवर कोणी विणत नसे. ही बहिणीची माया नव्हे. पलीकडच्या काठची माणसे डोंग्यात बसून तिच्याकडे जाळी सांगायला येत, ही वस्तुस्थिती आहे. त्या काळी आमच्याकडे सुताचा दोरा मागे पडून नायलॉन आला होता. नायलॉन गुळगुळीत, म्हणून सुताची पिढीजात गाठ त्याच्यावर घसरे. जुनी माणसे दोऱ्याला शिव्या देत बसली. बाईने शिव्या दिल्या नाहीत. तिने चार-सहा दिवस गाठ उलटसुलट पाहिली आणि शेवटी दोऱ्याचा शेंडा खालून वर घेऊन एक जादा पेच द्यायला सुरुवात केली. हा पेच बसला की 'टक्' असा कोरडा आवाज येई आणि मग ती गाठ मगरीच्या बापाकडूनही सुटत नसे. दिवसभर आमच्या ओसरीवर तो आवाज चाले. टक्, टक्, टक्. बा डोळे मिटून पडलेला असला तरी आवाजावरून सांगे, "गिरजे, हे घर ढिलं राह्यलं." आणि जाळ्यातले ते घर ढिले असेच.

आता पुस्तिकेकडे वळते. महाशिवरात्रीच्या यात्रेत, देवळाच्या वाटेवर, एका चादरीवर ती मला मिळाली. नवशिक्यांसाठी सोप्या जादूचे बावीस प्रयोग तिच्यात होते. मुखपृष्ठावर पगडी घातलेला, वटारलेल्या डोळ्यांचा एक गृहस्थ होता आणि त्याच्या बोटांतून विजा निघत होत्या. आतील भाषा अशी, की लेखकाला मराठी येत होती की नाही याविषयी मला आजही शंका आहे. प्रत्येक प्रयोगाचे तीन भाग पाडले होते: साहित्य, कृती आणि तोंडाने म्हणावयाचे भाषण. भाषणात मध्येमध्ये कंसात सूचना असत: '(येथे स्मित करावे)', '(प्रेक्षकांकडे पाहावे)'. मी पाठांतरात हुशार, त्यामुळे बावीस भाषणे पंधरा दिवसांत तोंडपाठ झाली. समज आणि पाठांतर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे ते मुलांना पटवण्यात माझी हयात गेली.

माझा प्रेक्षकवर्ग म्हणजे एकटी बाई. ती विणत बसे आणि मी तिच्यापुढे उभी राहून "उपस्थित रसिकहो!" अशी आरोळी ठोकी. तिने कधी टाळी वाजवली नाही; तिचे दोन्ही हात कामात होते हे एक कारण, आणि वाजवण्यासारखे काही नव्हते हे दुसरे. नाणे नाहीसे झाले की ती सुईवरची नजर न काढता म्हणे, "अंगठ्यात हाये." पत्ता ओळखला की म्हणे, "तुनं खालचा पायला व्हता." मी चिडून विचारले, "बाई, तुले नवल काऊन नाई वाटत?" ती म्हणाली, "नवल वाटाले टाइम पायजे, वच्छे. हे जाळं परवा द्याचं हाये."

माझा सर्वांत आवडता प्रयोग अकरावा, अदृश्य होणारी गाठ. तो पुढे लागणार आहे, म्हणून नीट समजावून सांगते. हातभर दोरी घ्यावी. तिच्या दोन टोकांची एक सैल गाठ मारावी आणि त्यावर दुसरी, तीही सैल. आता दोन गाठींच्या मध्ये एक फट दिसते. उजवे टोक त्या फटीतून ओवावे, मात्र वरून खाली. मग दोन्ही टोके हलकेच ओढली की बघणाऱ्याला गुंता वाढल्यासारखा दिसतो, आणि जोराने ओढली की सगळा गुंता उकलून दोरी सरळ होते. ही सुरगाठ. पण तेच टोक चुकून खालून वर घेतले, तर ओढल्यावर निरगाठ बसते आणि जादूगाराची शोभा होते. वरून खाली, सुटते. खालून वर, बसते. एवढेच त्यातले ज्ञान. या एका ओळीवर लोक पगड्या घालून फिरतात.

या प्रयोगाच्या भाषणात एका ठिकाणी छापणाऱ्याने कंस गाळला होता. मूळ मजकूर असा असणार: 'रसिकहो, आता श्वास रोखून धरा! (थोडे थांबावे)'. कंसाअभावी तो 'आता श्वास रोखून धरा थोडे थांबावे' असा सलग छापला गेला, आणि मी सूचनेसकट सगळे भाषण ठणठणीत आवाजात म्हणत राहिले, तेही दोन महिने. शेवटी बाईनेच विचारले, "थोडे थांबावे, थोडे थांबावे म्हनतेस, अन् थांबत तं नाईस. कोनाले सांगून राह्यली तू?" मी पुस्तिका उघडून पाहिली आणि माझे कान तापले. विरामचिन्हे ही शोभेची वस्तू नाही, हे मी पुढे प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यात सांगत आले. त्याचे मूळ हेच. बाईला मात्र ते दोन शब्द इतके आवडले, की भात उतू जाऊ लागला की ती चुलीपाशी हात जोडून म्हणे, "रसिकहो, थोडे थांबावे."

एकदाच मी वस्तीतल्या माणसांसमोर हा प्रयोग केला. तलावाच्या पाळीवर सगळे जाळ्यांची वाट बघत बसले होते. मी दोरी काढली, गाठ मारली, टोक ओवले. फुंकर मारण्याआधीच एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "हे तं सुरगाठ हाये. सुटनच थे." दुसरा म्हणाला, "पोरीचा बाप ढिवर हाये, अन् पोरगी ढिवराले गाठ दाखवून राह्यली!" सगळे हसले. ज्यांचे पोट गाठीवर चालते त्यांच्यापुढे गाठीची जादू करण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही. हे मला त्या दिवशी कळले आणि मी दोरी गुंडाळून ठेवली. पण जगात माझ्याहून मूर्ख माणसे आहेत, याचा पुरावा त्याच वर्षी धान कापणी उरकल्यावर मूल या गावाहून चालत आला. चालत म्हणजे एस.टी.ने.

बाच्या ओळखीचे डोमाभाऊ सोयरिकी जुळवीत असत. कमरेला चुन्याची डबी, तोंडात कायमचे पान, आणि प्रत्येक मुलगा त्यांच्या मते 'हिरा'. त्यांनी आणलेल्या हिऱ्याचे नाव मनोहर. तो मूलच्या एका राइस मिलमध्ये पोत्यांचे वजन लिहून घेण्याच्या कामावर होता. "खुर्चीवर बसते," डोमाभाऊ बाला म्हणाले, "पान्यात नाई उतरत. लखमाभाऊ, पोरगी सुखात पडन!" बाचे पाय पाण्याने कायमचे कुजलेले. 'पाण्यात उतरत नाही' हे तीन शब्द ऐकून तो कसा भुलला, ते मी आज समजू शकते. त्याने सांगितले, "पोरगा पाहू. बेस वाटला तं त्याच दिवशी सुपारी फोडू." आमच्यात सुपारी फुटली की शब्द बांधला गेला; मग मागे फिरणे म्हणजे चार गावांत तोंड काळे करून घेणे. बाईला हे सांगितले माईने, भाकरी थापता थापता, आणि तेही विचारण्याच्या नव्हे तर कळवण्याच्या सुरात. "गुरुवारी पाह्याले येतेत. हिरवं लुगडं नेसजो." बाईने सुई क्षणभर थांबवली. "जाळं अर्धं हाये, माय," ती म्हणाली. माय म्हणाली, "मूलले जाळं कोन विनते वं आता?" टक् असा आवाज पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

पाहुण्यांनी आधीच निरोप धाडला होता, की मुलगा आता मासोळी खात नाही, त्याला वास सोसत नाही. म्हणून माईने वडे तळले, तांदळाची खीर केली, छपरावरचे झिंगे पोत्यात भरून मागल्या खोलीत लपवले आणि अंगणात दोनदा सडा टाकला. बाने जाळेसुद्धा उतरवले. ते रिकामे बांबू आणि ती शांतता मला विचित्र वाटली. घराने आपले नाव पुसून टाकल्यासारखे. आले तिघेच: डोमाभाऊ, मनोहर आणि त्याची आई. मनोहरच्या केसांना इतके तेल होते, की माशी बसली असती तर घसरली असती. खिशाला दोन पेन, त्यातले एक झाकणापुरतेच. त्याची आई स्वतः नदीकाठचीच, पण मूलला राहून तिच्या नाकाला शिंग फुटले होते. ओसरीवर बसता बसता तिने पदर नाकाला लावला. जेवताना मात्र ती उठून आत गेली आणि माईच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, झिंग्याची चटनी हाये का वो घरी? थोडीशीच. पोराले नका सांगू." हे मी दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

बाईला बाहेर आणले. तिला नाव विचारले, शाळा विचारली, सुईत दोरा ओवायला लावला, चालून दाखवायला सांगितले. मनोहरची आई म्हणाली, "पोरगी बेस हाये. पन थे जाळं-गिळं सोडा लागन हं. आमच्या इथी मानसं येतेत-जातेत." बा म्हणाला, "सोडन. का गिरजे?" यावर बाईने मान हलवली की नाही, हे कोणी पाहिलेच नाही, कारण तेवढ्यात डोमाभाऊ ओरडले, "अन् मनोहरभाऊ, तुमची कला तं दाखवा! लखमाभाऊ, अवो, मिलच्या पोळ्याले यानं अशी जादू केली का मालक सुदा पाह्यतच राह्यला!"

मनोहरने 'नको नको' म्हणत खिशातून कोरी पांढरी दोरी काढली. 'नको नको' म्हणणाऱ्याच्या खिशात हातभर दोरी तयार का असते, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि अंगणातल्या मोजक्या माणसांना उद्देशून म्हणाला, "उपस्थित रसिकहो!"

भाषण अक्षर न् अक्षर तेच. 'माझ्या हाती ही एक साधी दोरी आहे' या वाक्यानंतर त्याने दात दाखवले, कारण तिथे कंसात स्मित करण्याची सूचना होती. 'कोणीही येऊन खात्री करून घ्यावी' यानंतर त्याने आमच्याकडे पाहिले, कारण तिथे पाहायचे होते. मी उठून सांगणारच होते, की हा मनुष्य पाठ म्हणतो आहे. माईने माझ्या मांडीला असा चिमटा घेतला, की त्याचा वळ दोन दिवस होता. तेवढ्यात मनोहर बाईला म्हणाला, "तू ये. दोरीचं एक टोक धर." ती उठली. तो थांबला आणि त्याने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "पयले हात पूस. नवी दोरी हाये, वास लागते."

वास कशाचा, हे सगळ्यांना ठाऊक होते. बाई सकाळी हळदीने आणि राखेने हात घासून आली होती. तिने रुमाल घेतला, एकेक बोट सावकाश पुसले, रुमालाची नीट घडी केली आणि परत दिला. मग दोरीचे टोक धरले. मनोहरने एक गाठ मारली, दुसरी मारली, उजवे टोक फटीतून वरून खाली ओवले. कृती बरोबर होती, ते मी मान्य करते. मग त्याने गुंता सगळ्यांना दिसावा म्हणून दोरी उंच केली, आणि नव्या दोरीच्या ताठपणामुळे ओवलेले टोक फटीतून निसटले. त्याच्या ते लक्षात आले नाही. तो आमच्याकडे पाहत होता, कारण तिथेही पाहायचे होते. "थांबा जी," बाई हळूच म्हणाली, "शेंडा निसटला." आणि तिने तो परत आत घातला. डोळ्याचे पाते लवायला लागतो तेवढाच वेळ. पण मी अकराव्या प्रयोगाची जाणकार; मी पाहिले. तिने तो खालून वर घातला होता. वर एक पेचही दिला होता. माझ्या मनात एकच विचार आला: ही अडाणी! माझ्यापाशी पन्नास वेळा पाहूनही चुकली!

"रसिकहो," मनोहर गरजला, "आता श्वास रोखून धरा थोडे थांबावे!"

मान खाली घातलेल्या बाईची हनुवटी हसू दाबताना किंचित थरथरली. डोमाभाऊंनी खरोखरच श्वास रोखला. पानाने भरलेले त्यांचे गाल फुगले. मनोहरने गाठीवर फुंकर मारली आणि ओढले. टक्. बा तोवर तंबाखू मळत बसला होता. त्या आवाजासरशी त्याने मान वर केली. मनोहरने पुन्हा ओढले. पुन्हा फुंकर मारली, या वेळी थुंकीसकट. गाठ हरभऱ्याएवढी होऊन दोरीच्या मधोमध बसली होती. "अरे, घरी तं होते!" त्याची आई म्हणाली. "हिनं हात लावला ना!" मनोहर पुटपुटला. "अवो, तिनं तं शेंडा धरून देल्ला तुमाले," माय म्हणाली, आणि मला तिचा त्या एका वाक्यापुरता अभिमान वाटला.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नवशिक्यांसाठी एक उपदेश होता: प्रयोग फसल्यास, आपल्याला तेच करावयाचे होते असे भासवावे. मनोहरचे ते पानही पाठ होते. त्याने घाम पुसला, पुन्हा दात दाखवले आणि म्हणाला, "ही गाठ मी मुद्दामच पक्की केली. जोडीची गाठ हाये ही. सुटाचीच नाई!" त्याच्या आईचा चेहरा उजळला. डोमाभाऊंनी मांडीवर थाप मारली. "वा! शुभ लक्षन! फोडा सुपारी, लखमाभाऊ!" तबक पुढे सरकवले गेले. त्यात कुंकू, पान, अडकित्ता आणि एक सुपारी. आपण काय बोललो याचा इतका चोख उपयोग होईल असे मनोहरलाही वाटले नसावे. बाई जागच्या जागी उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता. तिची गाठ तिच्याच गळ्यात पडू पाहत होती.

"पाहू दे जरा," बा म्हणाला आणि त्याने दोरी घेतली. त्याने ती गाठ अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, बाजारात मासोळीचे कल्ले पाहावेत तशी. मग विचारले, "कोनी बांधली ही?"

"मीच," मनोहर म्हणाला.

"तुमीच?"

"मंग! हातची कला हाये ती."

"बेस बांधली," बा म्हणाला. "लयच बेस." त्याने दोरी मांडीखाली ठेवली, तबकातली सुपारी उचलली, डोळ्यांजवळ नेली, नखाने खरवडली, कानाशी हलवली, आणि मग तोंड वाकडे करून म्हणाला, "अरे राम. किडकी हाये."

डोमाभाऊ म्हणाले, "दुसरी आना ना बापा."

"घरात दुसरी नाई. अन् पयली किडकी निंघाल्यावर दुसरी फोडत नाई आमच्यात. मालूम हाये ना तुमाले, डोमाभाऊ?" असा काही रिवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही ऐकला नाही. डोमाभाऊंनीही ऐकला नसावा. पण ज्याला सगळे रिवाज माहीत असल्याचा दावा आहे त्याला 'हा मला माहीत नाही' असे म्हणता येत नाही. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "बराबर हाये. अपशकुन कोन घेते?" पाहुणे उन्हे कलायच्या आत उठले. मनोहर दोरी मागायला विसरला. त्याची आई वाटेतून माघारी आली. ओसरीवर राहिलेली पिशवी घ्यायला आले असे म्हणाली, आणि ती पिशवी आली होती त्याहून फुगून गेली. झिंगे कमी झाल्याचे माईच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आले.

अंगण रिकामे होताच मी बाईवर तुटून पडले. माझ्या मते एका साध्या प्रयोगाचे तिने वाटोळे केले होते, आणि ते मला, एका जाणकार व्यक्तीला, मुकाट्याने पाहावे लागले होते. "अवं बाई, तुले कितीदा सांगितलं! वरून घालाचं असते! वरून! तुनं खालून घातलं!"

बाईने हिरव्या लुगड्याचा पदर खोचला होता आणि ती बांबूवर जाळे परत चढवीत होती. शिशाचे मणी टकटकू लागले. "वरून घातलं असतं," ती म्हणाली, "तं सुटली असती."

मला ते उत्तर उर्मट वाटले. चौदाव्या वर्षी मी बावीस प्रयोगांची जाणकार होते आणि डोळ्यांसमोर झालेला तेविसावा मला दिसला नव्हता. मी तक्रार घेऊन बाजवळ गेले. तो ओसरीच्या कडेला पाय सोडून बसला होता. दोरी त्याच्या मांडीवर होती आणि हातात अडकित्ता. त्याने ती सुपारी अडकित्त्यात धरली आणि दाबली. सुपारी फुटली. आतून ती खणखणीत होती, लाल-पांढऱ्या नक्षीची. किडीचे छिद्र नावालाही नव्हते. अर्धी त्याने आपल्या तोंडात टाकली. मग "गिरजे" अशी हाक मारली, आणि बाई आली तेव्हा उरलेली अर्धी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती तोंडात टाकली.

"बा," मी म्हणाले, "ही तं किडकी व्हती ना?"

बा सुपारी चावत राहिला. मग म्हणाला, "जादू झाली, वच्छे."